मी इकडे खुशाल आहे



ज्या सुभेदारसाहेबांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, त्यांना मी पाहिलेलं नाही. त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, की अहो, मी लढलेला माणूस नव्हे. मी पोस्टातला कारकून. खात्यातून डेप्युटेशनवर आर्मी पोस्टल सर्व्हिसमध्ये गेलो, कामठीला शिकलो, अंगात हिरवी वर्दी चढवली आणि राजस्थानच्या वाळूत तंबू ठोकून टपालावर शिक्के मारत बसलो. ते म्हणाले, "वडील म्हणायचे, पलटणीत जेवणाच्या गाडीपेक्षा टपालाच्या गाडीची वाट जास्त बघतात. तुम्हीच या." म्हणून आलो. शौर्यकथा ऐकायला कुणी आलं असेल तर त्यानं मागच्या दारानं निघावं, मी बघणार नाही.

विषय आहे वाळवंटातल्या जवानाचे दिवस आणि त्याला येणारी घरची आठवण. आपल्या भाषेत या आठवणीला नेमका शब्द कोणता? 'करमत नाही'. किती साधा शब्द, आणि किती विचित्र! 'मला इथं फार करमतं' असं आपण सहसा म्हणत नाही. हे क्रियापद नकारातच जास्त वावरतं. सासरी गेलेली मुलगी म्हणते, करमत नाही. वसतिगृहातला मुलगा म्हणतो, करमत नाही. आणि जवान? माझ्या हातून हजारो पत्रं गेली. उघडी पोस्टकार्डं असत, शिवाय कित्येक पत्रं मी स्वतः लिहून दिली, म्हणून अधिकारानं सांगतो. 'मला करमत नाही' हे वाक्य मी एकदाही वाचलं नाही. एकदाही नाही! सगळ्यांचं वाक्य एकच. मी इकडे खुशाल आहे, तिकडील खुशाली कळवावी.

ही खुशाली खरी किती आणि पांघरलेली किती, एवढंच मला आज बोलायचं आहे.

सुरुवात माझ्यापासून करत नाही. शंभर वर्षं मागं जाऊ.

१९१४च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये फौज उतरवली. तिच्यात सहावी पूना डिव्हिजन होती आणि त्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. आता गंमत बघा. बसरा हे नाव आपल्या किनाऱ्याला नवं नव्हतं. बसऱ्याचा खजूर आणि अरबी घोडे गलबतांतून मुंबईच्या बंदरात पिढ्यान्‌पिढ्या येत होते. उपासाला ज्या गावचा खजूर खाल्ला, त्याच गावी रत्नागिरी-साताऱ्याचा गडी बंदूक घेऊन उतरला. हिवाळ्यात गुडघाभर चिखल, उन्हाळ्यात धूळ, माश्या आणि उष्माघात. पुढं १९१५च्या एप्रिलमध्ये शैबाची लढाई झाली. तिथं मृगजळानं दोन्ही बाजूंची अशी फसवणूक केली, की समोरून खेचरांची रांग येतेय की घोडदळ, हे ओळखता येईना. मृगजळ ही आपल्याकडं कीर्तनातली उपमा. या माणसांनी त्याच्यावर बंदूक रोखली.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात ही फौज तैग्रिसच्या वळणावरच्या कूत गावात अडकली. जवळपास पाच महिने वेढा. आत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी. नदीची वाट बंद, म्हणजे टपालाचीही वाट बंद. धान्य संपत आलं तेव्हा घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. हिंदी शिपायांतल्या बहुतेकांनी ते मांस नाकारलं. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली, तरी नाकारलं. हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले, स्कर्व्ही पसरला. मग गडी तटाबाहेरचा पाला खुडून शिजवू लागले. एप्रिलमध्ये तर माणशी रोजचं पीठ चार-पाच औंसांवर आलं. एका भाकरीपुरतं म्हणा. तेव्हा कुठं अनेकांनी घोड्याचं मांस तोंडात घातलं.

ते आधीच का नाही खाल्लं? इंग्रज अधिकारी म्हणाले, धर्माचा हट्ट. असेल. पण मला त्यात आणखी काही दिसतं. परत गेल्यावर गाव काय म्हणेल, पंगतीला बसवेल का, ही धास्ती होती ती. उद्या आपण जिवंत असू की नाही याची खात्री नसलेला माणूस गावच्या पंगतीतली आपली जागा राखून ठेवतो! हजारो कोसांवर उपाशीपोटी बसून तो मनानं गावात राहतो. माझ्या मते ही घरची आठवणच, आणि इतकी कडक की तिच्यापायी माणसं अर्धमेली झाली.

२९ एप्रिल १९१६ला कूत पडलं. सुमारे १३ हजार लोक कैद झाले. कैद्यांना वाळवंटातून पायी चालवत नेलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं. त्यातले हजारो परतले नाहीत.

बसऱ्याजवळ या मोहिमेचं मोठं स्मारक आहे, ४० हजारांहून जास्त मृतांचं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली आहेत. हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. आणि हिंदी शिपायांची? पलटणीचं नाव आणि पुढं, 'आणि इतर इतके हिंदी शिपाई'. आकडा. आणि आपल्याकडं तरी काय आहे? कोकणात, साताऱ्यात फिरताना चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत संगमरवराची पाटी दिसते. या गावातून महायुद्धाला इतके गेले, पैकी इतके कामी आले. पुन्हा आकडा. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले.

मी पोस्टाचा माणूस असल्यामुळं मला ही गोष्ट जास्त टोचते. पत्ता म्हणजे नाव, आणि नावाशिवाय टपाल पोचत नाही. पण सैन्यात पत्ता म्हणजे आधी नंबर! नंबर, हुद्दा, नाव, युनिट, मार्फत ५६ एपीओ, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. पूर्वेकडं असेल तर ९९ एपीओ. गाव नाही, तालुका नाही, जिल्हा नाही. लेक कुठं आहे, हे आईला त्या पत्त्यावरून कळत नाही, आणि कळू नये हाच त्या पत्त्याचा हेतू. काश्मीरचा बर्फ असो की जैसलमेरची वाळू, लिहायचं ५६ एपीओ. एका आजीनं लेकाला विचारलं होतं, "हे छप्पन गाव कुठल्या जिल्ह्यात रे?" त्याला उत्तर काय द्यावं कळेना. ते पत्र त्यानं मला दाखवलं आणि आम्ही दोघंही हसलो. मग तो तंबूबाहेर जाऊन थोडा वेळ उभा राहिला.

आता मी माझ्यावर येतो. १९८६चा हिवाळा. 'ब्रासटॅक्स' नावाचा प्रचंड युद्धसराव राजस्थानात चालला होता. जानेवारीत सरहद्दीवर तणाव वाढला, सराव की लढाई हे कुणालाच कळेना, आणि रजा बंद झाल्या. त्या गर्दीत आमचं फील्ड पोस्ट ऑफिस म्हणजे एक तंबू, दोन टेबलं, एक तिजोरी, शिक्के आणि लाख. वाळूत तंबूच्या मेखा टिकत नाहीत. वाळूनं भरलेली पोती पुरून त्यांना दोर बांधायचे. पहिल्या आठवड्यात आमचा तंबू दोनदा उडाला आणि मनीऑर्डरचे फॉर्म झुडपांवर लोंबकळले. सरकारी पैशाला पाय फुटलेले मी ऐकले होते, पंख फुटलेले तिथं बघितले.

जवानाचा दिवस कसा असतो? अंधारात उठायचं, उजाडेपर्यंत मोर्चात 'स्टँड-टू', म्हणजे हत्यार घेऊन सज्ज, मग मगभर चहा. मग हत्यार साफ करायचं. इकडं हत्यार आठवड्यातून एकदा पुसलं तर चालेल, तिकडं दिवसातून दोनदा. पुल-थ्रूची दोरी, तिला चिंदी, नळीतून आरपार. वाळू तेलाला चिकटते म्हणून तेल जपून. तोवर वारा सुटतो आणि पुसलेलं पुन्हा धुळीचं. रोटीत कचकच, डाळीत कचकच, दातांत कचकच. पाणी टँकरनं येतं आणि मोजून मिळतं. अंघोळ ही ऐकीव गोष्ट. काल ज्या टेकडीची खूण धरून पायवाट लक्षात ठेवली, ती टेकडी आज तिथं नसते. उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकतो आणि जानेवारीच्या रात्री त्याच जागी दोन कांबळी घेऊन दात वाजतात.

पण हे सगळं सोसता येतं. शेतकऱ्याच्या पोराला ऊन नवं नाही, कष्ट नवे नाहीत. मग त्याला तिथं खातं काय?

माझं उत्तर तुम्हाला कदाचित पटणार नाही. त्याला खातं ते रिकामं आभाळ.

आपली माणसं घड्याळावर जगत नाहीत, नक्षत्रांवर जगतात. मृग, आर्द्रा, पुनर्वसू. जैसलमेरला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, साधारण २०० मिलिमीटरच्या आतबाहेर, तेवढा कोकणात जुलैच्या एक-दोन दिवसांत कोसळून जातो. ७ जून उलटला की माझ्या तंबूत येणारी मराठी पोरं एकच विचारत, "मास्तर, तिकडचं काही आलं का?" तिकडचं म्हणजे पावसाचं पत्र. ते पत्र दहा-बारा दिवसांनी यायचं. 'पाऊस चांगला लागला, दाढ पेरली.' दाढ म्हणजे भाताची रोपं. ते वाचून पोरगा बोटांवर हिशेब करायचा. पत्र लिहिलं त्या दिवशी पेरली, म्हणजे आज रोपं वीतभर झाली असतील, म्हणजे पुढच्या आठवड्यात लावणी, म्हणजे औताला माणूस लागणार, म्हणजे दादा एकटाच. समोर लूचा तापलेला वारा वाहतो आहे, डोळ्यांवर फडकं बांधलंय, आणि हा गृहस्थ मनातल्या चिखलात लावणी करतोय! उत्तरात काय लिहायचा? 'मी इकडे खुशाल आहे. बांध फुटू देऊ नये. पाड्याला फार पिटाळू नये.' बैलाच्या पोराची काळजी लिहिली. स्वतःबद्दल? खुशाल.

मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली संदेशापुरती चार बोटं जागा असे. ती चिठोरी पैसे घेणाऱ्याकडं राहायची. त्या चार बोटांत माणसं काय काय कोंबायची! एकानं तर दर महिन्याला फक्त म्हशीचं नाव लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह. मी म्हटलं, "अरे, बायकोचं विचार की." लाजून म्हणाला, "म्हशीचं विचारलं की तीच उत्तर लिहिते."

वाळवंट नुसतं परकं असतं तर एक वेळ परवडलं असतं. ते मधेच ओळख दाखवतं, तिथं घात होतो. तंबूच्या कडेला एकदा साप निघाला. पंजाबी जवान मागं सरले. आमचा रत्नागिरीचा गडी पुढं झाला आणि म्हणाला, "हे तर फुरसं!" आणि खरंच फुरसंच. कोकणच्या कातळावर असतं तेच, वाळूत तसंच अंग घासून खरखर आवाज करणारं. विषारी जात ती, पण पोराच्या चेहऱ्यावर गाववाला भेटल्यासारखा आनंद. तसंच झाडांचं. तिकडं ज्याला आक म्हणतात ती आपली रुई. शनिवारी मारुतीला पानांची माळ घालायला आमच्या पोरांना ती आयती सापडली. आणि खेजडी, थारच्या वाळूत एकटीच उभी असणारी, ती आपली शमी. पांडवांनी शस्त्रं ठेवली ती शमी. दसऱ्याला पलटणीत शस्त्रपूजा होते. त्या वर्षी आपट्याची पानं कुठून आणणार? पोरांनी खेजडीची डहाळी आणून बंदुकांसमोर ठेवली. पंडितजींनी मंत्र म्हटले. मला वाटलं, इतकी नेमकी पूजा मी इकडं कधी बघितली नाही. शस्त्रं खरी, झाड खरं, आणि माणसंही अज्ञातवासात!

आता थोडं हसण्यासारखं. जवानाला वर्षाकाठी ६० दिवसांची मोठी रजा आणि ३० दिवसांची किरकोळ. पण रजा मंजूर होणं वेगळं आणि मिळणं वेगळं. बंद झालेली रजा उघडायची एक किल्ली होती, तार. 'मदर सिरियस, कम सून.' रजा बंद झाल्यावर आमच्याकडं या तारा इतक्या यायला लागल्या, की महाराष्ट्रातल्या समस्त आया एकाच आठवड्यात आजारी पडल्या असाव्यात. अधिकारीही काही कच्चे नव्हते. जिल्हा सैनिक बोर्डामार्फत, पोलिसांमार्फत खातरजमा व्हायची. त्यात आठवडे जायचे.

हसलात ना? मीही हसत होतो. पण एका जवानाची तार खरी निघाली. खातरजमा पूर्ण होऊन रजा हातात पडली तेव्हा त्याला ती कशासाठी हवी होती हे कुणी विचारलं नाही. मीटरगेजनं जोधपूर, तिथून अहमदाबाद, मुंबई, मग रात्रीची एसटी. कोकण रेल्वे तेव्हा कागदावरही नीट नव्हती. चौथ्या दिवशी तो पोचला असेल. त्या दिवसापासून मी तारांवर विनोद केला नाही. आज इतक्या वर्षांनी केला, तोही तुमच्यासमोर.

इथं थोडा आडरस्ता घेतो. पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या कैदेत असलेल्या हिंदी शिपायांचे आवाज तिथल्या संशोधकांनी तबकड्यांवर उतरवून घेतले. बर्लिनला ते अजून आहेत. १९१६च्या डिसेंबरात मल्ल सिंग नावाचा एक पंजाबी शिपाई ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यासमोर उभा राहिला आणि बोलला काय? 'मी' म्हणालाच नाही. एक माणूस होता, हिंदुस्थानात लोणी खायचा, त्याला आता परत जायचं आहे, अशा अर्थाचं बोलला. स्वतःची गोष्ट तिसऱ्याच कुणाची असल्यासारखी सांगितली. वाळवंट नव्हतं ते, युरोपातली थंडी होती. पण माझ्या त्या म्हशीवाल्याचा हा सख्खा भाऊच. आठवण सांगायची, पण आपली म्हणून सांगायची नाही.

आणि आता? आता तार गेली. २०१३च्या जुलैत तारखातं बंद झालं. आंतर्देशीय पत्र कुणाच्या खिशात दिसत नाही. जवानाच्या हातात फोन आहे. परवानगी असेल तिथं आणि रेंज असेल तिथं तो रोज बोलतो, पोराचा चेहरा बघतो. तुम्ही म्हणाल, बरं झालं. बरं झालंच. ज्याची तार खरी निघाली, त्याच्या आईचं आजारपण आज त्याच मिनिटाला कळलं असतं.

पण माझ्या भाच्याचा मुलगा आज सरहद्दीवर आहे. तो मला काय म्हणाला? "आजोबा, तुमच्या वेळी भांडण पोचेपर्यंत मिटलेलं असायचं. आता भांडण चालू असतानाच पोचतं." पत्राला बारा दिवस लागत. तेवढ्यात ताप उतरायचा, सासू-सुनेचा अबोला संपायचा, गळकं छप्पर शाकारलं जायचं. वाईट बातमी वाटेत निवायची. आता तो मोर्चावरून उतरतो, फोन लावतो आणि छप्पर त्याच्या कानात गळायला लागतं. करू काहीच शकत नाही. मग बायको विचारते, "कसे आहात?" आणि तो म्हणतो, "मी मस्त." शब्द बदलला, एवढंच. पूर्वी 'खुशाल' कागदावर लिहून सुटता यायचं. आता चेहऱ्यावर आणावं लागतं, कॅमेऱ्यासमोर. कुठलं जास्त अवघड, ते त्याला विचारा.

अध्यक्षांनी घड्याळाकडं बघितलं, ते मी बघितलं. एक किस्सा सांगतो आणि बसतो.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एक पार्सल आलं. जुन्या धोतराच्या कापडात शिवलेलं, सुईदोऱ्याचे टाके आईच्या हातचे. पार्सलात काय पाठवू नये याचे नियम आहेत, पण ते त्या माउलीला कुणी वाचून दाखवले नव्हते. आत सुकट होती. कोपरा उसवला होता आणि तीन दिवस मेलबॅगेतल्या उन्हात तापून तिनं सगळ्या टपालाला आपला वास दिला होता. आमचे साहेब उत्तरेकडचे, शुद्ध शाकाहारी. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "ये क्या मर गया है?"

अडचण वासाची नव्हती. पत्त्याची होती. पत्ता पुसट झाला होता. नंबर नाही, युनिट नाही. राहिलं होतं फक्त नाव, आडनाव आणि ५६ एपीओ. पाठवणाऱ्याच्या गावावर तेलाचा डाग. आणि नाव असं, की कोकणात दर तिसऱ्या घरात सापडेल. चौकशी केली तर आमच्या पट्ट्यात त्याच नावाचे तिघे निघाले. नियमानं ते परत पाठवायला हवं होतं, पण परत तरी कुठं पाठवणार? साहेब म्हणाले, "दफना दो." मी एक दिवस मागून घेतला आणि तिघांना निरोप धाडला.

पहिला आला. मी पार्सल टेबलाखाली सरकवलं आणि विचारलं, "घरून काय यायचं आहे?" म्हणाला, "लाडू." दुसरा म्हणाला, "आमच्याकडून काही येत नाही, मास्तर." त्यालाही जा म्हटलं.

तिसरा संध्याकाळी आला, ड्यूटी संपवून, अंगभर धूळ. तंबूचा पडदा बाजूला केला आणि तिथंच थबकला. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "सुकट कुणाची आली?"

मी पार्सल टेबलावर ठेवलं. नियमाप्रमाणं पुन्हा वजन केलं, तूट लिहिली, रजिस्टर त्याच्यापुढं केलं आणि म्हटलं, "इथं सही कर." त्यानं सही केली. पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, खाली गाव, तालुका, जिल्हा. नंबर लिहायला विसरला.

मीही मागितला नाही.